पालुपीने पोचवलेला निरोप

शनिवार, संध्याकाळ

प्रिय मुर्यानी,

येक्ती सुट्टी संपवून मंगळवारी परत तिकडे तैवानला निघाली आहे. तिच्या बॅगेत टेम्पेच्या तळलेल्या चकत्यांची तीन पाकिटं आणि हे पत्र देते आहे. चकत्या तिने वाटेत फस्त केल्या तरी चालतील, पण पत्र तुझ्याच हातात द्यायचं अशी तिला शपथ घातली आहे. तू म्हणशील, दर रविवारी फोनवर तोंड दिसतं, तरी हिला पत्राची हुक्की का आली? फोन माझ्या घरी लागतो, कारण खाली तुझ्या आईकडे रेंज नाही, आणि फोनसमोर तुझी पालुपी बसलेली असते. तिच्यादेखत काही गोष्टी बोलता येत नाहीत. शिवाय तोंडाने मी तुझ्याशी इतकी वर्षं भरपूर बोलले आहे आणि त्यातलं सगळंच खरं होतं असं नाही. लिहिताना हात जरा सावकाश चालतो.

मागच्या रविवारी तू विचारलंस की पोरगी आता स्काउटच्या मोठ्या गटात जाणार, तर आईबापांनी काय काय माहीत ठेवायला हवं ते नीट कळव. मी फोनवर हसून सोडून दिलं, पण प्रश्न रास्त होता. चौदा ऑगस्टला तिला अकरा पूर्ण होतायत. त्याच दिवशी मैदानावर छोटा कार्यक्रम होईल आणि मी तिला हाताला धरून दार्सोनो सरांच्या गटात सोडून येईन. आणि त्याच महिन्याच्या अखेरीला तुझ्या कराराची सही आहे. आणखी तीन वर्षं तिथल्या आजोबांची सेवा करायची की घरी यायचं, ते त्या सहीवर ठरणार. म्हणून म्हटलं, जे सांगायचं ते सहीच्या आधी तुला मिळालेलं बरं.

तर आधी साध्या गोष्टी. गळ्यातला लाल-पांढरा रुमाल बाकीच्या कपड्यांबरोबर भिजत घालायचा नाही, लाल रंग सुटतो. तुझ्या आईने पहिल्याच महिन्यात गणवेशाचा सदरा गुलाबी करून ठेवला होता आणि वर मलाच म्हणाली की सरकारने रंग कच्चा दिला त्याला मी काय करू. गाठी मारायला मुलीला शिकू द्यायचं, आपण मारून द्यायच्या नाहीत. आतापर्यंत माझ्या लहान गटातल्या पोरांना मी रात्री मुक्कामाला नेत नव्हते, लहानांना तो नियमच नाही. सकाळी जायचं आणि ऊन कलायच्या आत घरी. मोठ्या गटात मात्र शनिवारी तंबू ठोकतात आणि रविवारी उतरवतात. एक सारोंग, एक विजेरी, मूठभर तांदूळ आणि कोरडे मोजे द्यायचे. आणि घरच्यांनी तिकडे फिरकायचं नाही. हे मी खास लिहिते आहे, कारण मागच्या वर्षी आमची एका दिवसाची सहल ओढ्यापलीकडे होती, तेव्हा तुझी आई केळीच्या पानात भात आणि मिरचीची चटणी बांधून तीन किलोमीटर चालत आली होती. पोरं आपल्या हातांनी शेवया शिजवणार हे तिने कुठून तरी ऐकलं होतं. मदतीला आलेल्या दार्सोनो सरांनी अदबीने सांगितलं की आजी, इथे पालकांना मनाई आहे. त्यावर ती म्हणाली, “मी कुठे पालक आहे? पालक तिकडे तैवानात आहे. मी नुसता भात घेऊन आले आहे.” भात आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ला. शेवयांचा खरोखरच चिखल झाला होता.

आता जरा अवघड गोष्ट. आमच्या लहान गटाचे नियम दोनच आहेत. आईवडिलांना जपायचं, आणि धीर सोडायचा नाही. एवढंच. पण मुलं दुसऱ्या नियमाचा अर्थ आपल्या परीने लावतात. त्यांना वाटतं रडलं की नियम मोडला. गुडघा फुटला तरी ओठ मिटून उभी राहतात, आणि आम्ही मोठी माणसं शाबास म्हणतो. मूल सावधान उभं राहायला शिकलं की ते सुखात आहे की नाही हे त्याच्या पाठीवरून ओळखता येत नाही, हे मला बाईंच्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. ते मला पालुपीकडे बघून कळलं, आणि तेही फार उशिरा. फोनवर ती तुला ताठ बसलेली दिसते ना? घरी माझ्याकडे ती तशी बसत नाही. खिडकीच्या कठड्यावर पाय वर घेऊन, हनुवटी गुडघ्यावर टेकून बसते. फोन वाजला की पाय खाली सोडते आणि वेणी मागे टाकते.

आणि एक आमची पद्धत. लहान गटात शिकवणाऱ्या बाईला मुलं ‘बुंदा’ म्हणतात. घरी आईला तुमच्याकडे ‘माक’ म्हणतात, पण मैदानावर बाई ही आईच्या जागी, म्हणून बुंदा. मोठ्या गटात गेलं की ते संपतं. तिथे सगळे ताई आणि दादा. चौदा तारखेला कार्यक्रम संपला की पालुपी मला ताई म्हणायला लागेल. नियमच आहे तो, कुणाची त्यात चूक नाही.

मी हे काम हौसेने घेतलेलं नव्हतं हे तुला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांनी एकटी बाई बघून गळ्यात घातलं होतं, घरी वाट बघणारं कुणी नाही म्हटल्यावर शनिवार हिलाच द्या. सहा वर्षं संसार करून, मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली, आणि मी सामान घेऊन आईकडे परत आले, त्या सगळ्याला तू माझ्याबरोबर रडली आहेस. मग आईही गेली. त्या पहिल्या शनिवारी एकोणीस पोरांनी एका सुरात ‘बुंदा’ म्हणून सलाम ठोकला आणि मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन तोंड धुऊन आले. शिट्टी विसरले म्हणून सांगितलं. शिट्टी गळ्यातच होती. त्या एकोणिसांत साडेसात वर्षांची पालुपीही होती, सगळ्यात मोठा आवाज काढणारी. तू जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती.

बुंदा हे मैदानापुरतं असतं, मुर. फाटकाबाहेर मी विगाती बाई. बाकीची पोरं शिट्टी वाजली की विसरतात. पालुपी विसरली नाही. ओढ्यावर, मशिदीच्या पायरीवर, बाजारात, सगळीकडे बुंदा. तिला एकदा सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही. आधी वाटलं, लहान आहे, कळेल हळूहळू. मग ती शाळेनंतर अभ्यासाला माझ्याकडे यायला लागली, मग जेवायला थांबायला लागली. मी बाजारातून दुसरी ताटली आणली. एकटीने जेवताना मी कधी ताटली घेतच नव्हते, पातेल्यातच खायचे. आणि गेल्या वर्षी त्रेंगालेकच्या बाजारात चपला घेताना दुकानदारीण म्हणाली की मुलगी कपाळावरून अगदी तुमच्यावर गेली आहे. मी हो म्हटलं. पालुपी शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि चपलेत पाय घातला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी झाले होते, आणि मला ते कळतही होतं.

एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे. तीन वर्षांपूर्वी तू महिनाभर आली होतीस. गाडीतून उतरलीस तेव्हा पालुपीने पुढे येऊन तुझा हात कपाळाला लावला आणि मागे सरून माझ्या शेजारी उभी राहिली, पाहुण्यांशी वागावं तशी. तू न्हाणीघरात जाऊन किती वेळ पाणी ओतत होतीस. बाहेर तुझी आई पुटपुटत होती की टाकीत काही ठेवते की नाही ही. मी दाराशी उभी राहून तुझी समजूत घातली, म्हणाले, मलाही फार वाईट वाटलं. मुर, मला वाईट वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं. नंतर त्या महिन्यात ती हळूहळू तुझ्या कुशीत शिरली. तुझ्याशिवाय झोपेना, तू भांडी घासायला गेलीस तरी मागे यायची. ते तीन-चार आठवडे माझी दुसरी ताटली फळीवर पडून होती. तू गेलीस त्या दिवशी सगळं गाव बसपाशी डोळे पुसत होतं आणि मीही पुसत होते. पण घरी येऊन मी दोन ताटल्या धुतल्या. ती त्या रात्री जेवली नाही. सकाळी आली आणि ताटलीसमोर बसली.

आता वहीची गोष्ट. प्रत्येक मुलाची एक छोटी वही असते. त्यात कसोट्या छापलेल्या असतात, एकेक पूर्ण झाली की तिच्यासमोर बाईची सही. आपलं नाव-गाव सांगता येणं, सुईत दोरा ओवणं, झाड लावून जगवणं, असल्या. पालकांनी एवढंच ध्यानात ठेवायचं की सही मिळाली म्हणजे मूल ते शिकलं असं समजायचं नाही. शेवटच्या वर्षात एक कसोटी तोंडी निरोपाची असते. एकाचा निरोप दुसऱ्याला जसाच्या तसा पोचवायचा. सावधान उभं राहायचं, कुणाचा निरोप ते सांगायचं, आणि मग निरोप. शब्द गाळायचा नाही, पदरचा घालायचा नाही. मे महिन्यात मी सगळ्यांना घरच्यासाठी एकेक निरोप दिला आणि पुढच्या शनिवारी घरून उत्तर आणायला सांगितलं. पोरांनी गमतीदार उत्तरं आणली. एकाच्या आईने कळवलं, बाई, याला आंघोळ करायलाही निरोप द्या. पालुपीकडून मी तुला विचारलं होतं की चौथीत आपण दोघींनी कुणाच्या बागेतले रांबुतान चोरले होते, आठवतं का. आणि उत्तरात तू ते विचारलंस.

तू पोरीच्या तोंडून तो प्रश्न का पाठवलास यावर मी दोन महिने विचार करते आहे. मला एकटीला फोन करायचा होतास. कदाचित बोलता बोलता निघून गेलं असेल. कदाचित तुला तो प्रश्न तिलाच विचारायचा होता आणि धीर होत नव्हता, म्हणून निरोपाच्या आडून विचारलास. ती शनिवारी सगळ्या पोरांसमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “माककडून बुंदासाठी निरोप. रांबुतान हाजींच्या बागेतले. माकचा करार सप्टेंबरात संपतो. परत येऊ, की आणखी तीन वर्षं राहू? तू पालुपीला रोज बघतेस. तू सांगशील तसं करीन.” पोरं रांबुतानला हसली. मी म्हटलं, छान, एक शब्द गाळला नाहीस, उद्या उत्तर देऊ. रात्रभर मी काय ठरवलं असेल ते आता तुला कळलंच असेल. ठरवायला रात्र लागली नाही, खरं सांगायचं तर. रविवारी तुझा फोन यायच्या आधी मी तिला समोर उभं करून निरोप पाठ करून घेतला. पालुपी मजेत आहे. तिचं इथे काही अडत नाही. तू निश्चिंत मनाने राहा. ती तीनदा म्हणाली, तिन्ही वेळा बरोबर. मग तिने विचारलं, “बुंदा, शेवटी माझं एक वाक्य घालू?” आणि मी म्हटलं, “निरोपात आपलं काही घालायचं नसतं.” तेवढ्यात फोन वाजला. मी टेम्पे तळायच्या निमित्ताने चुलीपाशी गेले. पाठीमागून तिचा आवाज ऐकू येत होता, एकेक शब्द सुटा. नंतर तू मला म्हणालीस, किती धीट झाली गं पोरगी, डोळ्यांत टिपूस नाही, आता मला काळजी नाही. मी म्हटलं, तेच तर. आणि वहीत सही केली.

आज पत्र लिहायला बसले त्याचं कारण सकाळी घडलं. मोठ्या गटात घ्यायच्या आधी दार्सोनो सर सगळ्यांच्या वह्या तपासून एकेक कसोटी पुन्हा करून घेतात. पालुपीला त्यांनी निरोपाची कसोटी विचारली. ती म्हणाली, राहिली आहे. सरांनी वही तिच्यासमोर धरली, ही काय बुंदाची सही. ती म्हणाली, “ती बुंदाच्या निरोपाची आहे, सर. माझा राहिलाय.” सर भला माणूस, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते हसून म्हणाले, मग तुझा सांग, आणि पोचवायचा कुणी ते पण सांग. तिने माझ्याकडे बोट केलं. रागाने नाही गं, रागाने केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती पोर माझ्यावर अजून विश्वास टाकते आहे. म्हणून मी हे पोचवते आहे. त्याआधी माझं जे आहे ते मी इथेच संपवते, म्हणजे दोन्हींची सरमिसळ होणार नाही. सही करू नकोस, मुर. मी तुला पाठवलेला निरोप खोटा होता. दुधाची तहान मी ताकावर भागवत होते आणि ताकही दुसऱ्याच्या घरचं होतं. तू आलीस की ती माझ्याकडे जेवायला येणार नाही, आणि पुढच्या महिन्यापासून मी तिची कुणीतरी ताई असेन. मला त्याची फार भीती वाटते, आणि ही भीती मी तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलणार? तू मला शिव्या दे, वर्षभर बोलू नकोस, पण घरी ये. आता तिचा निरोप. सकाळी ती माझ्यासमोर उभी होती तशी मी आत्ता उभी आहे, कागद खिडकीच्या कठड्यावर ठेवून लिहिते आहे. पालुपीकडून माकसाठी निरोप. “माक, मागचा निरोप मी पाठ केला होता. मी मजेत आहे हे खरं आहे. पण माझं अडतं. रात्री अडतं. तू ये.”

तुझीच,
विगाती